सगळ्यात कमी दराची निविदा घ्यावीच लागते?

सोसायटीच्या सभेत दुरुस्तीचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "एल-वनलाच, म्हणजे सगळ्यात कमी दरवाल्यालाच, काम द्यावं लागतं, कायदाच आहे तसा." असा सरसकट कायदा नाही. सरकारी कामांतही बहुधा दोन लिफाफे असतात: आधी तांत्रिक उघडतात, त्यात पात्र ठरले त्यांचेच दर बघतात. शिवाय केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये निवडक कामांत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन द्यायची मुभा दिली. मुंबईतल्या सोसायटीत तर निर्णय सर्वसाधारण सभेचा; फक्त कारण इतिवृत्तात नीट लिहा.

खरी गंमत एकूण आकड्यात असते. समजा, ठेकेदाराने परांचीचा दर पाडला आणि पॉलिमर मॉर्टरचा (खराब झालेला भाग भरून काढायच्या मसाल्याचा) गुपचूप चढवला. अंदाजपत्रकात मॉर्टर २०० चौरस फूट. मग परांचीवर चढून हातोडीने प्लास्टर ठोकलं, जागोजागी पोकळ आवाज, आणि मोजमाप वहीत भरले ६००! चढा दर तिप्पट मापाला लागला, 'स्वस्त' निविदा सगळ्यांत महाग पडली. म्हणून बेरजेआधी बाबवार दर शेजारी शेजारी ठेवून बघा. एखादा दर फारच खाली असेल तर ठेकेदाराकडून त्याचं दरपृथक्करण, म्हणजे माल, मजुरी वगैरे धरून तो दर कसा आला याचा हिशोब, लेखी मागा. (तो चिडला, तर तेही उत्तरच.)