बीटल्सच्या 1964 मधील स्वाक्षऱ्या : एक खुलासा

9 फेब्रुवारी 1964 रोजी न्यूयॉर्कमधून प्रसारित झालेल्या ‘एड सुलिव्हन शो’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात बीटल्स हा चौघांचा ब्रिटिश बँड प्रथमच झळकला आणि सुमारे 7 कोटी 30 लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला. त्या दिवसांतील छायाचित्रावर चौघांची नावे असली, की ती त्यांनीच लिहिली असणार, हा समज तेव्हापासून चालत आला आहे. तो चुकीचा आहे.

चाहत्यांची मागणी पुरी करणे चौघांना अशक्य झाल्यामुळे त्यांचे सहकारी नील ॲस्पिनॉल आणि मॅल इव्हान्स त्यांच्या नावाने सह्या करीत असत. वस्तू त्याच काळातील, कागदही जुना, तरीही हात दुसऱ्याचा, असे म्हणूनच घडते. चारही नावांचा कल, दाब आणि अक्षरजोडणी एकाच वळणाची दिसली तर शंका घ्यावी. मात्र तेवढ्यावरून निकाल देऊ नये, जाणकाराकडून अस्सल नमुन्यांशी ताडून घ्यावे.

तारखाही तपासाव्यात. 23 फेब्रुवारीला दाखवलेला याच शोचा भाग 9 तारखेलाच दुपारी चित्रित झाला होता आणि 22 तारखेला बीटल्स लंडनला परतले होते. त्यामुळे ‘23 तारखेच्या प्रसारणावेळी स्टुडिओत घेतलेली सही’ असा दावा टिकूच शकत नाही. कुटुंबाने साठ वर्षे मायेने जपलेल्या वस्तूवरची सही दुसऱ्याच्या हातची निघाली, तर जपणाऱ्याला खोटे ठरवणे अन्यायाचे आहे, कारण त्याच्या हाती ती बहुधा तशीच आलेली असते.