लष्कराचे जुने मालवाहू ट्रक : आकार आणि टायर कसे जुळवावेत

अमेरिकन लष्कराने विक्रीस काढलेला मालवाहू ट्रक घ्यायचा ठरला की ग्राहक आधी ‘अडीच टनी घेऊ की पाच टनी?’ असे विचारतात. आम्ही उलट विचारतो : कोणत्या टायरवर चालवणार? गाडीची उंची, वेग, ओढ, पंक्चर काढायला लागणारी माणसे, सगळे टायरवरून ठरते. इंजिन दुरुस्त होते, पण चुकीच्या मापाचे दहा टायर घेतले की ते पैसे गेलेच.

टन आणि लांबी-रुंदी

इथला टन अमेरिकन, म्हणजे २,००० पौंडांचा. ‘अडीच टनी’ म्हणजे ५,००० पौंड, साधारण २,२७० किलो. आणि हा भार खडबडीत जमिनीसाठी धरलेला आहे. एम-३५ए२ या अडीच टनी ट्रकला पक्क्या रस्त्यावर १०,००० पौंडांपर्यंत मुभा असे. दोन्ही आकडे कॅबिनमधल्या पाटीवर असतात. विक्रेत्याच्या तोंडी आकड्यापेक्षा पाटी वाचा.

एम-३५ए२ सहाही चाकांना जोर देणारा, सुमारे २२ फूट लांब, ८ फूट रुंद. हौदा १२ फुटी. पुढे विंच (तारेने ओढणारे यंत्र) असेल तर लांबी फूटभराहून जास्त वाढते. पाच टनी एम-९२३ साडेपंचवीस फुटांच्या आसपास जातो आणि हौदा १४ फुटी. नंतरच्या पिढीतला अडीच टनी एम-१०७८ चारचाकी असून कॅबिन इंजिनवर बसवलेली आहे, त्यामुळे तो एकवीस फुटांत आटोपतो. जागा अरुंद असेल तर हाच सोयीचा. त्याचा पाच टनी भाऊ एम-१०८३ सहा चाकांवर जोर देतो. उभा करायच्या जागेचे दार आणि वळण मात्र स्वतः टेप लावून मोजा.

टायरची चार घराणी

एम-३५ए२वर ९.००-२० (रुंदी ९ इंच, रिम २० इंच) येतात : मागे जोडीने, एकूण दहा, व्यास सुमारे ४० इंच. जुन्या पाच टनी एम-८१३ आणि मूळ एम-९२३वर ११.०० मापाचे, तेही दहा, सुमारे ४३ इंची. एम-९२३ए१ आणि ए२वर १४.०० आर २० मापाचे एकेरी रुंद टायर, सुमारे ४९ इंची, एकूण सहाच. एम-१०७८ आणि एम-१०८३वर ३९५/८५ आर २०. या शेवटच्या मापाचा व्यास तुम्हीच काढू शकता : ३९५ मिलिमीटरच्या ८५ टक्के म्हणजे ३३६, दोन्ही बाजूंचे ६७२, त्यात रिमचे २० इंच, म्हणजे ५०८ मिळवले की ११८०, साडेशेहेचाळीस इंच.

४३ इंचांवरून ४९ इंचांवर गेलात की एका फेऱ्यात गाडी सुमारे १४ टक्के जास्त पुढे जाते. काटा ५५ मैल दाखवतो तेव्हा गाडी ६२च्या पुढे असते. तेवढीच ओढ कमी होते, चढावर खालचा गिअर लागतो आणि ब्रेकवर ताण येतो. एम-९२३ घराण्यात ओल्या रस्त्यावर ब्रेक जाम होऊन गाड्या घसरण्याचे प्रकार झाले होते आणि लष्कराने त्यांचा वेग ताशी ४० मैलांवर आणला होता. ब्रेक न लॉक होऊ देणारे एबीएस किट नंतर बसवले गेले. तुमच्या गाडीवर ते आहे का, घेण्याआधी पाहा.

दहा टायरवाल्या गाड्यांवर बहुधा एनडीटी नक्षीचे, कोणत्याही दिशेने फिरणारे गोटेदार टायर असतात. मातीत चांगले, ओल्या डांबरावर वाईट. महिनोन्महिने उभ्या गाडीत ते खालून सपाट होतात आणि पहिले काही मैल गाडी थडथडते. रेडियल (मापात ‘आर’ असलेले) आणि जुन्या पद्धतीचे बायस-प्लाय टायर एका एक्सलवर एकत्र घालू नका.

जोडी टायर

जोडीतला एक मोठा असेल तर सगळा भार तोच उचलतो आणि तापतो. लहान टायर फरपटत घासतो. दोन्हीत पूर्ण हवा भरा, थंड होऊ द्या आणि गोट्यांच्या मधोमध टेप फिरवून घेर मोजा. ९.०० आणि त्याहून मोठ्या मापात घेरातला फरक दीड इंचाहून जास्त नको. आतल्या टायरची हवा बाहेरून कळत नाही. गेज लावल्याशिवाय खात्री धरू नका.

सुरुवातीच्या एम-३५मध्ये मागची चाके घसरली की पुढचा एक्सल आपोआप जोडणारी स्प्रॅग यंत्रणा आहे. पुढे मोठे आणि मागे लहान टायर घातले तर पुढची चाके सावकाश फिरतात, यंत्रणेला मागे घसरण झाल्यासारखे वाटते आणि पक्क्या रस्त्यावरही पुढचा एक्सल जोडलेला राहतो. सहाही ठिकाणी एकच माप आणि सारखीच झीज ठेवा.

मागची जोडी काढून एकेक टायर ठेवायची पुष्कळांची इच्छा असते. फक्त बाहेरचा काढून चालत नाही : भार बेअरिंगवर एका बाजूला येतो आणि पुढच्या-मागच्या चाकांची रेष जुळत नाही. मागचे हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) उलटे बसवावे लागतात. शिवाय दोन टायरांचा भार आता एकावर; टायरच्या बाजूवर छापलेला भार बघून हौद्यातला माल कमी करा.

रिंगची रिम : इथे घाई नको

एम-३५ आणि जुन्या पाच टनीच्या रिमला लॉक-रिंग, म्हणजे टायर रिमवर अडवून धरणारी सुटी लोखंडी कडी, असते. हवा भरताना ती नीट बसलेली नसेल तर गोळीसारखी सुटते. अमेरिकेचे कामगार-सुरक्षा नियम (ओशा १९१०.१७७) स्पष्ट आहेत : हवा ठरलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी असताना टायर चालवला असेल, तर चाक गाडीवरून उतरवण्याआधीच व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडायची. रिंग बसवण्यापुरती हवा सुरक्षा-पिंजऱ्याबाहेर भरायची तर तीन पौंड दाबाच्या (पीएसआय) आत. त्यापुढची हवा सुटलेली रिंग अडवणाऱ्या लोखंडी पिंजऱ्यात, व्हॉल्व्हला चिमट्यासारखी लागणारी नळी घेऊन आणि बाजूला उभे राहून. हवा असताना रिंगवर हातोडा मारायचा नाही. तडा गेलेली रिम वेल्डिंग करून वापरायची नाही. एका रिमची रिंग दुसऱ्या मापाच्या रिमवर ‘बसते’ म्हणून घालायची नाही.

चाक खोलताना ध्यानात ठेवा : एम-३५च्या डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात, स्टडवर ‘एल’ कोरलेले सापडते. उलट्या नटाला लांब पाइप लावून जोर दिला की स्टड तुटतो. जोडी चाकात आतला नट आवळायचा असेल तर आधी बाहेरचा सैल करा. नाहीतर आतला आवळला गेल्याचा भास होतो आणि काही मैलांत चाक हलू लागते. नवे चाक लावल्यावर पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळा.

घेण्याआधी तपासा

२००० पासूनच्या टायरवर ‘डीओटी’नंतरच्या शेवटच्या चार अंकांत आठवडा आणि वर्ष असते : २३१४ म्हणजे २०१४चा तेविसावा आठवडा. तीनच अंक असतील तर टायर गेल्या शतकातला. नक्षी पूर्ण दिसली तरी तो चालवू नका. बाजूवरच्या बारीक भेगांत नख अडकते का, तेही पाहा.

एम-९२३ए२ आणि एम-१०७८सारख्या गाड्यांत कॅबिनमधून टायरची हवा कमी-जास्त करणारी सीटीआयएस यंत्रणा असते. बटण दाबून रस्ता आणि वाळू असे बदल करून पाहा आणि रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी सगळे टायर गेजने मोजा. एकच चाक उतरले असेल तर बहुधा त्याचा व्हॉल्व्ह किंवा हबचे सील. सगळीच उतरली तर आधी मुख्य नळ्या पाहा.

स्टेपनी विसरू नका. १४.०० आर २०चे चाक एका माणसाला उचलत नाही. ते उतरवायचा हात आणि साखळी गाडीवर आहे का, चालते का आणि स्टेपनीची रिम बाकीच्यांशी जुळते का, हे गाडी उभी असतानाच करून पाहा.