रेफ्युजियमवर दिवा कोणता लावावा?
खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

वरच्या टाकीसाठी नवा दिवा घेतला की जुना निळा दिवा संपवर लावायचा, ही आपल्याकडची रीत. संप म्हणजे मुख्य टाकीखालच्या कपाटातली दुसरी टाकी, आणि रेफ्युजियम म्हणजे तिच्यातला शेवाळ वाढवायचा कप्पा. तीन महिन्यांनी ग्राहक दुकानात येतात आणि सांगतात, चीटो (तिथलं शेवाळ) काही वाढत नाही. मग आम्ही दिव्याचा फोटो मागतो. फोटो बघितला की बहुतेक वेळा पुढचं बोलणं दोन मिनिटांत उरकतं.

तो निळा दिवा प्रवाळांसाठी बनवलेला असतो. समुद्रात लाल उजेड पहिल्या काही मीटरांतच पाण्यात मुरतो आणि खोलवर निळाच पोचतो. प्रवाळ त्या उजेडाला सरावलेले असतात, आणि निळ्यात त्यांचे रंगही खुलून दिसतात. चीटो, म्हणजे कीटोमॉर्फा, हे शेवाळ उथळ पाण्यातलं. हिरव्या तंगुसाचा गुंता झाल्यासारखं दिसणारं हे शेवाळ डोक्यावर उघडं ऊन असलेल्या जागी वाढतं. त्याच्या हरितद्रव्याला निळा उजेड लागतो, तसाच लालही लागतो. निळा साधारण ४३० ते ४५० नॅनोमीटरचा, लाल साधारण ६४० ते ६६० चा. नुसत्या निळ्यावर चीटो मरत नाही, पण तुम्हाला हवा तसा फोफावतही नाही.

आणि फोफावायलाच तर तो हवा आहे. माशांच्या खाण्यातून पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट साठत जातं. शेवाळ ते अंगात घेतं, आणि आपण शेवाळाचा गोळा उपटून बाहेर काढला की ते टाकीबाहेर जातं. काढलं नाही, तर ते टाकीतच राहिलं. वर्षभर न छाटलेला चीटो कौतुकाने दाखवणारे ग्राहकही आम्ही पाहिलेत.

डब्यावरचे आकडे

आधी केल्विन. बल्बच्या डब्यावर ६५०० केल्विन किंवा 'कूल डेलाइट' असं लिहिलेलं असतं, तो पांढरा उजेड चीटोला चालतो. आम्ही तर म्हणू, चांगला चालतो. १०,०००, १४,००० किंवा २०,००० केल्विन हे आकडे प्रवाळांच्या दिव्यांवर दिसतात. आकडा जितका मोठा, तितका उजेड निळा.

मग ल्यूमेन. या आकड्याने फसू नका. माणसाच्या डोळ्याला किती उजेड वाटतो, तेवढंच ल्यूमेन मोजतं, आणि आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट-पिवळ्या उजेडाला सगळ्यांत तीक्ष्ण असतो. शेवाळाला लागणारा गडद लाल उजेड आपल्याला मंद दिसतो, म्हणून ल्यूमेनमध्येही तो कमी भरतो. शेवाळाच्या कामाचा आकडा म्हणजे पार. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले किती प्रकाशकण एका चौरस मीटरवर एका सेकंदात पडतात, त्याचं हे माप, मायक्रोमोलमध्ये. भर दुपारच्या उन्हात ते २००० च्या आसपास असतं. चीटोच्या वरच्या थरावर १५० ते ३०० मिळालं तर घरगुती टाकीला पुरतं.

शेवटी वॅट. ऑनलाइन मिळणाऱ्या जांभळ्या ग्रो लाइटच्या डब्यावर १००० वॅट छापलेलं असतं, आणि प्लगला मीटर लावला तर तो दिवा शंभर-दीडशे वॅट खात असतो. ते हजार म्हणजे आतल्या एलईडींची कागदावरची बेरीज. प्रत्यक्ष किती वॅट खेचतो, ते विचारा. लिहिलेलं नसेल, तर तो दिवा घेऊ नका.

आमचा ठोकताळा असा. एक फूट बाय एक फूट कप्प्याला खरे १२ ते २० वॅट, दोन फूट लांबीच्या कप्प्याला ३० ते ५०. वरच्या टाकीत हिरव्या केसांसारखं नको असलेलं शेवाळ वाढत असेल तर वरची बाजू धरा, कारण खाण्यासाठी दोन्हीकडची शेवाळं भांडतात आणि उजेड जिकडे जास्त तिकडचं जिंकतं. बिलाची काळजी असेल तर हिशेब सोपा आहे. २० वॅटचा दिवा रोज १२ तास चालला तर महिन्याला साधारण ७ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी सत्तर-बहात्तर रुपये.

मग घ्यायचा कोणता?

हे वाचून आमच्या हिशेबनीसांना वाईट वाटेल, पण छोट्या रेफ्युजियमसाठी आमचा दिवा घ्यायलाच हवा असं नाही. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातला १२ वॅटचा ६५०० केल्विनचा साधा एलईडी बल्ब, चिमट्याचा होल्डर आणि एक टायमर एवढ्यावर अनेकांचा चीटो मस्त चाललाय. दुकानाच्या पाटीवर मारतात ती २० किंवा ३० वॅटची पांढरी फ्लडलाइट त्याहून बरी. ती बंद पेटीत असते आणि उजेड एकाच दिशेला टाकते.

पैसे जास्त मोजायचेच असतील, तर ६६० नॅनोमीटरचे लाल एलईडी मिसळलेला पांढरा 'फुल स्पेक्ट्रम' दिवा घ्या. निव्वळ लाल-निळ्या दिव्याखालीही शेवाळ झपाट्याने वाढतं, ते नाकारता येणार नाही. पण त्या जांभळ्या उजेडात शेवाळ हिरवं आहे की तपकिरी झालंय, हे कळतच नाही. शिवाय कपाटाच्या फटीतून तो रंग बाहेर येतो आणि हॉलला लग्नाच्या मंडपाची कळा येते. ग्रॅसिलारियासारख्या लाल शेवाळासाठी पांढराच घ्या. त्याच्या अंगातलं लाल द्रव्य हिरवट उजेडही वापरतं, आणि जांभळ्या दिव्यात नेमका तोच नसतो.

दिवा पाण्यापासून १५ ते २० सेंटीमीटर वर असू द्या. अंतर दुप्पट केलं की उजेड निम्म्याहून बराच खाली येतो, तेव्हा कपाटाच्या छताला चिकटवलेला दिवा म्हणजे अर्धा पैसा वाया. फार खालीही नको. बुडबुडे फुटतात, शिंतोडे उडतात आणि काचेवर मिठाचा पांढरा थर धरतो. आठवड्याला एकदा दिवा बंद करून, गार झाल्यावर आरओच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून घ्या.

चीटोचा गोळा आम्हाला काय सांगतो

मध्यंतरी एक ग्राहक चीटोचा गोळा पिशवीत घालून घेऊन आले. वरून पोपटी, टवटवीत. उलटा केला तर खालून केसांच्या ओल्या टोपासारखा, चॉकलेटी आणि बुळबुळीत, बोटांनी ओढला की तुटत होता. दिवा त्यांनी आमच्याकडूनच घेतला होता आणि तो पुरेसा होता. मात्र गोळा नारळाएवढा झाला होता आणि संपमध्ये एका जागी बसून राहिला होता. दाट गोळ्यात उजेड थोडाच आत शिरतो, आतला भाग अंधारात सडतो आणि जे खाल्लेलं ते पाण्यात परत सोडतो. गोळा अर्धा करा, खालून पाण्याचा झोत असा द्या की तो हळूहळू फिरत राहील, एवढं सांगून त्यांना घरी पाठवलं. नवा दिवा विकला नाही.

चीटोचे धागे पांढुरके पडत असतील, तर आधी पाणी तपासा. नायट्रेट किंवा फॉस्फेट शून्यावर आलं की चीटो उपाशी राहतो, आणि उपाशी शेवाळावर उजेड वाढवणं म्हणजे त्याला भाजणं. दोन्हींपैकी एक संपलं तरी वाढ थांबते, दुसरं कितीही असो. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या मध्ये राहिलं तर चीटोही सुखी आणि वरची टाकीही. दोन्ही ठीक असतील तर लोह कमी पडलंय का, ते बघा. मंद दिव्याखालचा चीटो एकदम तगड्या दिव्याखाली नेला तरीही तो पांढरा पडतो. पहिला आठवडा सहा तास, मग आठ, मग दहा, असं वाढवत न्या. धाग्यांवर तपकिरी साय किंवा दुसरंच केसाळ शेवाळ चढत असेल, तर बहुतेक वेळा दोष पाण्याच्या मंद प्रवाहाचा असतो.

दिवसा की रात्री?

वरचा दिवा मालवला की खालचा लागावा, असा टायमर लावा. रात्रीही टाकीतले सगळे जीव श्वास घेत राहतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, अंधारात तो वापरला जात नाही आणि पीएच उतरतो. त्याच वेळी खाली शेवाळ उजेडात असेल तर त्यातला काही वायू ते वापरून टाकतं आणि पीएच फारसा घसरत नाही. दारं-खिडक्या लावून एसी चालवणाऱ्या खोलीत याचा उपयोग जास्त होतो. दहा ते चौदा तास पुरेत. टाकी ज्या खोलीत आहे तिथे कोणी झोपत असेल, तर फटी आधी काळ्या कागदाने बंद करा.

कॉलर्पाला मात्र हा नियम लावू नका. दिसायला देखणं, पण हे शेवाळ म्हणजे एकच अवाढव्य पेशी. बिघडलं की एका रात्रीत सगळं पुनरुत्पादनावर जातं, अंगातलं सगळं पाण्यात सोडतं आणि मरतं. आमच्याच दुकानात एकदा सकाळी शटर उघडलं तर टाकीचं पाणी हिरवट ताकासारखं झालेलं आणि मासे वर येऊन तोंड मारत होते. दिवसभर पाणी बदलत बसलो. चोवीस तास दिवा ठेवला आणि नियमित छाटणी केली तर हा धोका कमी होतो, असा टाकीवाल्यांचा अनुभव आहे. नवख्यांना आम्ही कॉलर्पा देत नाही, मागितलं तरी.

काढलेलं शेवाळ खाडीत, ओढ्यात किंवा गटारात टाकू नका. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा छोटासा तुकडा सापडला, आणि पुढे ते भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरांवर पसरलं. कॅलिफोर्नियात २००० मध्ये तेच सापडलं, ते संपवायला २००६ उजाडलं. आपल्याकडे शेतीसाठी आणलेलं कप्पाफायकस हे लाल शेवाळ मन्नारच्या आखातात प्रवाळांवर चढलं. तेव्हा टँगसारख्या शाकाहारी माशांना खायला घाला. उरलेलं गोड्या पाण्यात भिजवून, कडक उन्हात वाळवून ओल्या कचऱ्यात टाका.

वायर, पाणी आणि मीठ

हे वाचल्याशिवाय दिवा लावू नका. खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं आणि संपचं कपाट कायम दमट असतं, पावसाळ्यात तर विचारू नका. दिवा आयपी ६५ (धूळ आणि पाण्याचे शिंतोडे आत न जाऊ देणारा) किंवा त्यावरचा घ्या. वर सांगितलेला साधा बल्ब तसा नसतो, म्हणूनही बंद पेटीतली फ्लडलाइट बरी. वायर सॉकेटकडे जाताना आधी सॉकेटच्या खाली लोंबू द्या आणि मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी खालच्या वळणावरून गळून पडेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. टायमर आणि अॅडॉप्टर कपाटाच्या बाहेर, पाण्याच्या पातळीपेक्षा वर. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की ती तोडणारा स्विच) घरात नसेल तर दिव्याआधी तो बसवून घ्या. संपमध्ये हात घालण्यापूर्वी बटण बंद करायची सवय लावा.

दिवा बघायला येताना रेफ्युजियमची लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली मोजून आणा. पाण्यापासून वरच्या फळीपर्यंतचं अंतरही घ्या, ते सगळे विसरतात. नायट्रेट-फॉस्फेटचे ताजे आकडे आणि पांढऱ्या उजेडात काढलेला चीटोचा एक फोटो असेल तर उत्तम. निळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत आम्हालाही काही दिसत नाही.