अवघड ओरिगामी: कागद कोणता घ्यावा, सराव कसा करावा

जपानी ओरिगामीकार सातोशी कामिया यांचा ‘एन्शंट ड्रॅगन’ किंवा अमेरिकन ओरिगामीकार रॉबर्ट लँग यांचे कीटक करायला घेतले, की पहिला प्रश्न येतो तो चांगल्या कागदाचा. आम्ही कागद विकणारे, तरी आमचं सांगणं असं की साध्या कागदावर तो नमुना निदान एकदा बेसपर्यंत (म्हणजे पाय, डोकं यांची टोकं मोकळी झालेल्या मूळ ढाच्यापर्यंत) न्या आणि मगच भारी ताव घ्या. सरावाच्या घडीवरूनच तुमच्या नमुन्याला कुठला कागद हवा ते कळतं.

जाडीचा हिशेब

झेरॉक्सचा ७५ जीएसएमचा (चौरस मीटरला ७५ ग्रॅम) कागद साधारण ०.१ मि.मी. जाड असतो. कीटकाच्या पायात कधी कधी ३२ थर एकावर एक बसतात. म्हणजे दाबून धरला तरी पाय ३.२ मि.मी. जाड होतो, आणि रुंदीला असतो जेमतेम ४-५ मि.मी. त्याचा पाय न होता ठोकळा होतो. ०.०५ मि.मी.च्या कागदात तोच पाय १.६ मि.मी.वर येतो. म्हणून कागद निवडताना नमुन्याची सगळ्यात जाड जागा शोधा, तिथले थर मोजा.

मापाचंही तसंच. ३२ घरांची जाळी (घड्यांनी प्रत्येक बाजूचे ३२ सारखे भाग) १५ सें.मी.च्या कागदावर पाडली तर एक घर ४.७ मि.मी.चं होतं, बोटांना ते धरताच येत नाही. ४० सें.मी.च्या तावावर तेच घर १२.५ मि.मी.चं मिळतं. पहिल्या प्रयत्नाला एक घर १ सें.मी.पेक्षा लहान ठेवू नका.

कुठला कागद कशाला

पुस्तकांना कव्हर घालायचा खाकी ब्राउन पेपर सरावाला उत्तम. चिवट असतो, स्वस्त असतो, घडी उलटी केली तरी तुटत नाही. फक्त प्लॅस्टिकचा थर दिलेला चकचकीत घेऊ नका. शाळेत हस्तकलेला वापरतात तो घोटीव कागद मात्र टाळा. त्याचा रंग वरवरचा असतो, घडी दोनदा फिरवली की पांढरी रेघ उमटते. टँट हा जपानी कागद आरपार रंगीत असतो, त्यामुळे त्याला हा त्रास नाही. मध्यम अवघड नमुन्यांना तो घ्या, खूप थरांना तो जाड पडतो.

सुती लगद्याचा जाड हातकागद दिसायला देखणा, पण त्यात बारीक घडी बसत नाही. अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी रुजवलेल्या ओल्या घडीच्या पद्धतीत (कागद किंचित ओलसर करून घडी घालायची), थोड्या थरांच्या प्राण्यांना जाड आणि खळ दिलेला कागद लागतो. तिथे तो वापरून पाहा.

टिश्यू-फॉइल, म्हणजे मधे ॲल्युमिनियम आणि दोन्ही बाजूंना टिश्यू, म्हणजे अगदी पातळ कागद. वळवू तसा राहतो म्हणून कीटकांच्या पायांना लोकांना आवडतो. पण चुकलेली घडी त्यात कायमची राहते आणि टोकांशी फॉइल फाटतं. पहिल्या ड्रॅगनला आम्ही तो देत नाही, त्यापेक्षा डबल टिश्यू (दोन टिश्यू एकमेकांना चिकटवून केलेला ताव) किंवा नेपाळचा पातळ लोक्ता कागद सुचवतो. लोक्ताचा धागा लांब असतो, त्यामुळे पातळ असूनही तो सहज फाटत नाही.

डबल टिश्यू घरी करताना

२५० मि.ली. पाण्याला ५ ग्रॅम मिथाइल सेल्युलोज घ्या. ही चिकटवायची पावडर गरम पाण्यात विरघळत नाही आणि थेट गार पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात. म्हणून आधी ८०-९० मि.ली. गरम पाण्यात ढवळून पसरवा, मग उरलेलं गार पाणी घाला आणि थोड्या थोड्या वेळाने ढवळत राहा. तासाभरात ते पेजेसारखं दाट, पारदर्शक होतं. मैद्याची खळ वापरू नका, तिला कसर लागते.

स्वच्छ काचेवर टिश्यू पसरा. रुंद मऊ ब्रशने हे द्रावण मधून कडेकडे ओढत लावा. वर दुसरा टिश्यू हलकेच सोडून पुन्हा तसाच ब्रश फिरवा. बुडबुडा राहिला तर ओला असतानाच कडेकडे ढकला. एरवी एका रात्रीत वाळतो, पावसाळ्यात दोन दिवस धरा. अर्धवट वाळलेला सोलला की मधोमध ताणला जातो. चौकोन वाळल्यावरच कापा, कारण ओला कागद उभा-आडवा सारखा फुगत नाही. त्यासाठी ताव चारी बाजूंनी २-३ सें.मी. मोठा घ्या. कापल्यावर दोन्ही कर्ण मोजा: ४० सें.मी.च्या चौकोनाचा कर्ण ५६.६ सें.मी. भरला पाहिजे. दोन कर्णांत २ मि.मी.चा जरी फरक असला तरी पुन्हा कापा, पुढे तो प्रत्येक टोकाला दिसतो.

सराव

पहिल्या तावावर फक्त पूर्वघड्या (आधी घालून उलगडून ठेवायच्या घड्या) आणि बेस. ३२ घरं पट्टीने मोजून पाडू नका. निम्मे करत जा: २, ४, ८, १६, ३२. दुमडलेल्या जोडथरावर घडी घालू नका, प्रत्येक घडी एकेरी कागदावर घाला. नाहीतर आतल्या थराची जाडी प्रत्येक वेळी थोडी जागा खाते आणि शेवटची घरं अरुंद होतात. डोंगरघडी (वर उठणारी) लाल आणि दरीघडी (आत जाणारी) निळ्या पेन्सिलीने रंगवली की कॉलॅप्स करताना, म्हणजे सगळ्या घड्या एकदम मिटवताना, बोटं चुकत नाहीत.

क्लोज्ड सिंक अडतो बहुतेकांचा. त्याचा सराव वेगळा करा. १५ सें.मी.च्या चौकोनाचा वॉटरबॉम्ब बेस (दोन्ही कर्ण आणि एक मध्यघडी घालून मिटवलेला त्रिकोण) करून त्याचं टोक आत ढकला. टोकाशी कागद उघडू न देता त्याला आत उलटवायचं असतं. दहा वेळा केलं की हाताला समजतं. मूळ नमुन्यावर तो शिकायला गेलात तर कागद तिथेच फाटतो.

दुसऱ्या तावावर पूर्ण नमुना. जिथे अडाल तिथेच तो थांबवून ठेवा, उलगडू नका. पुढच्या वेळी जोडीला ठेवून बघायला त्याच्यासारखी मदत नाही.

मधलं टोक फाटतं तेव्हा

ज्या बिंदूत आठ-दहा घड्या मिळतात तिथले धागे आधीच मोडलेले असतात. त्या जागी नख किंवा बोन फोल्डर (घडी दाबायची बोथट पट्टी) फिरवू नका, रेघ बिंदूच्या २ मि.मी. अलीकडे सोडा. तरी भीती वाटली तर कॉलॅप्सच्या आधी मागून नखाएवढा टिश्यूचा तुकडा मिथाइल सेल्युलोजने चिकटवा.

शेवटी आकार देताना तेच द्रावण निम्म्या पाण्याने पातळ करून बारीक ब्रशने थरांमध्ये भरा आणि चिमट्यांनी दाबून ठेवा. चिमट्याखाली कागदाची पट्टी घाला म्हणजे दाताचे वळ उठत नाहीत. पाय दोऱ्याने गुंडाळून रात्रभर ठेवा.

दुकानात येताना सरावाची घडी आणि जाळी किती घरांची ते लिहून आणा. सगळ्यात जाड जागा कॅलिपरने मोजून कागद आम्ही तिथेच काढून देऊ.