रात्रीची टपाल विमानसेवा (नागपूर)

मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रोज रात्री निघणारी चार विमाने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र आणून टपाल व प्रवासी यांची अदलाबदल करणारी सेवा. 30 जानेवारी 1949 रोजी इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स या छोट्या कंपनीने ती सुरू केली. काही महिन्यांतच ती बंद पडली आणि त्याच वर्षी हिमालयन एव्हिएशनने पुन्हा उभी केली. 1 एप्रिल 1949 पासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजना लागू झाली होती. त्यामुळे टपालाचा ओघ कायम राहिला.

चार शहरे एकमेकांशी थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात, म्हणजे रोज 12 उड्डाणे. नागपूर मध्ये घेतले की आठ पुरतात आणि चारच विमानांत काम भागते. प्रत्येक विमान इतर तीन शहरांच्या थैल्या आणी. त्या उतरवून, योग्य विमानात चढवून चारही विमाने पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. सकाळच्या टपालवाटपात पत्र हाती पडे.

विमाने होती युद्धातून उरलेली डकोटा: 1,200 अश्वशक्तीची दोन इंजिने, वेग ताशी सुमारे 270 किलोमीटर. हवाई अंतर मुंबईहून जेमतेम 700 किलोमीटर, कलकत्त्याहून साधारण 970. म्हणून कलकत्त्याचे विमान तासभर आधी सोडावे लागे. खरी अडचण इथेच होती. एकाला उशीर झाला की उरलेली तीन खोळंबत, नाहीतर त्याच्या थैल्या मागे टाकून निघत. पावसाळ्यात हे वारंवार होई, कारण डकोटाच्या केबिनमध्ये दाब राखण्याची सोय नव्हती आणि ढगांच्या वरून जाणे शक्य नसे. उन्हाळ्यात मात्र रात्रीची थंड, दाट हवा फायद्याची ठरे. दुपारच्या मानाने विमान कमी धावपट्टीत उचले.

1 ऑगस्ट 1953 पासून आठ खाजगी कंपन्यांची मिळून इंडियन एअरलाइन्स झाली आणि ही सेवा तिच्याकडे गेली. त्याच वर्षी 12 डिसेंबरच्या पहाटे सोनेगावहून मद्रासकडे उडालेले डकोटा इंजिन बंद पडून कोसळले. 13 जण ठार झाले, एकटा वैमानिक वाचला. जमिनीलगत, वेग कमी असताना एक इंजिन गेले की भरलेल्या डकोटाला सावरायला वावच उरत नसे. पुढे या मार्गांवर चार इंजिनांची स्कायमास्टर विमाने आली.