लेसरची पल्स हवेत स्वतःच आवळते, यामागची पार्श्वभूमी

साधा लेसर लांब गेला की पसरतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण फेमटोसेकंद पल्समध्ये (म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही दहा लाखाव्या भागाच्या मापात मोजायच्या लेसरच्या झोतात) पुरेशी पॉवर असेल तर ती पसरायच्या ऐवजी आवळत जाते, आणि मग केसाएवढ्या बारीक रेषेत कितीतरी मीटर पुढे जाते, हेच फिलामेंट. बहुतेक लेखांत हे थेट 1995 पासून सांगतात, मला ते अर्धवट वाटतं.

कारण बीम स्वतःच आवळते ही कल्पना 1962 ची, सोव्हिएत शास्त्रज्ञ गुर्गेन अस्कार्यान यांची, म्हणजे पहिला लेसर चालला त्याच्या दोनच वर्षांनंतरची. पुढे 1964 मध्ये चियाओ, गार्मायर आणि टाउन्स यांनी त्याचं गणित मांडलं. तेव्हा मात्र ही लेसरवाल्यांची डोकेदुखीच होती, कारण काचेत आणि क्रिस्टलमध्ये बीम आतल्या आत फोकस होऊन ती काच किंवा क्रिस्टलच जळायचं. त्यावर तोडगा 1985 मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात स्ट्रिकलंड आणि मूरू यांनी काढला, पल्स आधी वेळेत ताणायची, मग तिची ऊर्जा वाढवायची आणि शेवटी परत दाबायची (2018 चं भौतिकशास्त्राचं अर्धं नोबेल याचंच). आणि मला यातलं सगळ्यात भारी हे वाटतं की जे टाळायला ही युक्ती काढली तेच पुढे हवेत हवंहवंसं झालं: 1995 मध्ये मूरू यांच्याच मिशिगनच्या ग्रुपने हवेत साधारण 20 मीटर लांब फिलामेंट दाखवलं.

आता पल्स आवळत आवळत एका बिंदूत का संपत नाही? हवेत काही गिगावॅटच्या वर पॉवर गेली की पल्सच्या मधल्या भागात हवेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकवते त्याचं माप) वाढतो आणि हवाच भिंगासारखी वागते. मग तीव्रता चढते आणि ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन सुटायला लागतात. 800 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला एका रेणूमागे 8 फोटॉन (प्रकाशाचे कण) एकदम लागतात, म्हणजे तीव्रता दुप्पट झाली तर आयनीकरण (इलेक्ट्रॉन सुटणं) जवळपास 256 पट होणार, आणि त्यातून झालेला प्लाझ्मा, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन असलेली हवा, बीमला लगेच बाहेर ढकलतो. म्हणून तीव्रता दर चौरस सेंटीमीटरला 10¹³ वॅटच्या काही पट एवढ्यावरच अडकते.

पण फिलामेंट म्हणजे फक्त ती बारीक रेषा असं समजू नका, बरीचशी ऊर्जा आजूबाजूच्या फिकट भागात असते. 2003 च्या प्रयोगात फिलामेंटच्या वाटेत जवळपास त्याच्याच जाडीचा पाण्याचा थेंब आणला तरी ते पुढे परत तयार झालं.

1999 च्या सुमारास फ्रेंच-जर्मन टेरामोबाइल प्रकल्पाने हा लेसर कंटेनरमध्ये घालून प्रयोगशाळेबाहेर आणला. 2021 मध्ये स्वित्झर्लंडच्या सँटिस डोंगरावर 124 मीटर टॉवरशेजारून सेकंदाला 1000 पल्स सोडल्या आणि आकाशातली वीज साधारण 50 मीटर लेसरच्याच वाटेने गेली. प्लाझ्मा तर काही नॅनोसेकंदातच विरतो, मग वाट टिकली कशी, तर तापलेली विरळ हवा मिलिसेकंदभर मागे राहते आणि तेवढ्यात पुढची पल्स येते.