नकळत येणारा मिंधेपणा

औषध कंपनीच्या प्रतिनिधीने दिलेल्या पेनामुळे किंवा जेवणामुळे आपले प्रिस्क्रिप्शन बदलत नाही, असे बहुतेक डॉक्टर सांगतात आणि ते खोटे बोलत नसतात. त्यांना मनापासून तसेच वाटते. अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ६१ टक्के निवासी डॉक्टरांनी स्वतःवर असा प्रभाव पडत नसल्याचे सांगितले. इतर डॉक्टरही असेच अलिप्त राहतात, असे मानणारे मात्र अवघे १६ टक्के होते.

प्रत्यक्ष नोंदी काय सांगतात? १९९२ च्या एका अभ्यासात, कंपनीच्या खर्चाने पर्यटनस्थळी परिषदेला जाऊन आलेल्या डॉक्टरांच्या रुग्णालयात त्या कंपनीच्या एका औषधाचा वापर तिपटीहून अधिक झाला, आणि तरीही जाण्यापूर्वी त्यांतील बहुतेकांनी आपल्यावर परिणाम होणार नाही असेच म्हटले होते. २०१६ मध्ये सुमारे २ लाख ८० हजार डॉक्टरांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा सरासरी २० डॉलरहूनही कमी किमतीचे एकच जेवण घेतलेले डॉक्टरसुद्धा त्या वेळी जाहिरात होत असलेले ब्रँडचे औषध अधिक प्रमाणात लिहून देत असल्याचे दिसले. अर्थात, ते औषध आधीपासूनच पसंत असलेले डॉक्टर अशा जेवणाला जात असतील, ही शक्यता अशा अभ्यासातून पूर्णपणे नाकारता येत नाही.

माझ्या मते सर्वांत कमी चर्चा होते ती कंपन्या डॉक्टरांकडे देत असलेल्या औषधांच्या मोफत नमुन्यांची. अमेरिकेत २०१६ मध्ये डॉक्टरांपुढील प्रचारावर कंपन्यांनी खर्च केलेल्या सुमारे २०.३ अब्ज डॉलरपैकी १३.५ अब्ज डॉलर नमुन्यांचे होते. हाती पैसा नसलेल्या रुग्णाला नमुना मिळाला की डॉक्टरांना समाधान वाटते, आणि ते खोटे नसते. पण रक्तदाबासारख्या आजारात गोळ्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात, नमुना थोड्या दिवसांत संपतो आणि नेमके तेच महागडे औषध पुढे रुग्णाच्या गळ्यात पडते, त्याच गटातील स्वस्त जेनेरिक औषध उपलब्ध असले तरी.

उपकाराची परतफेड करावीशी वाटणे हा माणसाचा स्वभाव आहे आणि तो डॉक्टरकीच्या शिक्षणाने जात नाही, म्हणून निव्वळ सचोटीवर विसंबणे मला अपुरे वाटते. अमेरिकेतील १९ शैक्षणिक वैद्यकीय केंद्रांनी प्रतिनिधींच्या भेटींवर आणि भेटवस्तूंवर निर्बंध घातले, त्याचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला: लिहून दिलेल्या औषधांत प्रचार होणाऱ्या औषधांचा वाटा १.६७ टक्केबिंदूंनी घटला आणि प्रचार न होणाऱ्या औषधांचा वाढला. डॉक्टर तेच होते, रुग्णालयांचे नियम तेवढे बदलले होते.